मानेच्या मणक्याचे ऑपरेशन : कोणती पट्टी, कोणता पिंजरा ?



गेल्या गळीत हंगामात तोड ऐन जोरात असताना साकोळ भागातील एक सभासद आमच्या गट ऑफिसात आले. ऊस नोंदीची तारीख चुकली असेल, नाहीतर बिलाची काही तक्रार असेल, असे आम्हाला वाटले. पण त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मुलाच्या मानेच्या मणक्याचे ऑपरेशन ठरले होते, त्याचे ते अंदाजपत्रक. त्यात तीन ओळी आणि तीन आकडे : देशी बनावटीची पट्टी व स्क्रू, परदेशी बनावटीचा केज, आणि कृत्रिम गादी. पहिल्या आकड्यापेक्षा तिसरा कितीतरी मोठा. खाली लिहिले होते, 'नातेवाइकांनी निवड कळवावी.'

"बैल घेताना दात मोजून घेतो साहेब. हेच्यातलं काय मोजावं ?" त्यांनी विचारले. आणि मग हळूच, "महागाचं घातलं तर पोरगा लवकर नीट होतो का ? तसं असंल तर एकरभर रान काढतो."

रान काढण्याची भाषा आली म्हटल्यावर आम्हाला गप्प बसवेना. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले, ते आपल्या सर्वांच्या कामी यावे म्हणून येथे देत आहोत. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी माणसे, खताची पोती वाहणारी माणसे, ट्रॅक्टरच्या हादऱ्यात दिवस काढणारी माणसे आपल्याच कार्यक्षेत्रात आहेत. मानेचे दुखणे आपल्याला परके नाही.

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर बाकीच्या दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. मणक्यांच्या मागच्या बाजूच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. तो जेमतेम करंगळीएवढा जाड, पण हातापायांचा सगळा कारभार त्याच्यावर. वयाने आणि भाराने गादी सुकते, बसते, मागे सरकते. कडेला हाडाची टोके वाढतात. बाजूला निघणारी नस दाबली गेली तर कळ मानेतून खांद्यात, दंडात, बोटांपर्यंत जाते. ही कळ माणसाला झोपू देत नाही, म्हणून तो दवाखाना गाठतो. पण खुद्द मज्जारज्जू दाबला गेला तर कित्येकदा फारसे दुखतच नाही, आणि तेच अधिक घातक. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. विळा मुठीतून सुटतो. चालताना चप्पल पायातून निसटते ते कळत नाही. रात्री मोटार चालू करायला बांधावरून जाताना अंधारात तोल जातो. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. वय झाले असेलही, पण एवढी लक्षणे जमली तर एमआरआय काढल्यावाचून राहू नये.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मान दुखणाऱ्या बहुतेक माणसांना ऑपरेशन लागत नाही. औषध, विश्रांती, व्यायाम यांनी काही आठवड्यांत पुष्कळांचे दुखणे ओसरते. ऑपरेशनची वेळ येते ती मज्जारज्जूवर दाब असून हातापायांची ताकद कमी होत चालली तर, हाड मोडले किंवा सांधा सैल झाला तर, किंवा नसेची कळ इतर उपायांनी हटतच नसेल तर. नुसत्या एमआरआयच्या अहवालात 'गादी सरकली' असे लिहिले म्हणून कोणी टेबलावर झोपू नये. पन्नाशीच्या पुढे धडधाकट माणसाचा फोटो काढला तरी त्यात काही ना काही निघतेच. आणि कटिंग झाल्यावर सलूनमध्ये मान कडकडा मोडून घेण्याची जी आपली हौस आहे, तिला तर कायमचा रामराम करावा. आत मज्जारज्जू दाबलेला असेल तर तो एक झटका फार महाग पडतो.

आता मूळ प्रश्न. ऑपरेशनमध्ये दोन कामे असतात. पहिले, नसेवरचा किंवा मज्जारज्जूवरचा दाब काढणे. दुसरे, गादी काढून रिकाम्या झालेल्या जागी वरचा आणि खालचा मणका एकमेकांना सांधणे. रोग्याला गुण येतो तो मुख्यतः पहिल्या कामाने. पट्टी, स्क्रू, पिंजरा हे सारे दुसऱ्या कामाचे सामान. सौदा सामानाचा होतो, म्हणून आपले सगळे लक्ष तिकडे जाते. पण दाब किती नीट निघाला हे डॉक्टरच्या हातावर असते आणि त्याची वेगळी ओळ कुठल्याच अंदाजपत्रकात नसते.

सांधण्याचे काम तरी धातू करतो का ? तेही नाही. केशर आंब्याचे कलम बांधताना आपण पट्टी आवळतो. पट्टीमुळे कलम जीव धरत नाही. जीव धरतो तो सालीला साल मिळाल्याने. पट्टी फक्त हलू देत नाही. मणक्याचेही तसेच. हाडाला हाड मिळून एकजीव व्हायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लागतो, आणि तोवर हालचाल थोपवून धरणे एवढेच धातूचे काम. फरक इतकाच की कलमाची पट्टी आपण सोडतो, ही बहुधा जन्मभर आत राहते. हाड जुळलेच नाही तर कितीही भारी धातू असो, बांधायची तार दहा वेळा वाकवली की जशी तुटते, तसा तोही एक दिवस सैल पडतो किंवा मोडतो.

मानेच्या पुढून, श्वासनलिका व अन्ननलिका बाजूला सारून ही गादी काढण्याची पद्धत अमेरिकेत १९५५ ते १९५८ या काळात स्मिथ व रॉबिन्सन या डॉक्टरांनी आणि स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांनी पुढे आणली. त्या वेळी धातूचे नाव नव्हते. रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांच्या मध्ये ठोकून बसवायचा आणि मानेला पट्टा बांधून महिनोन्‌महिने बसायचे. हे हाड आजही सर्वांत विश्वासू मानले जाते. आपलेच असल्याने शरीर ते लगेच आपलेसे करते, आणि त्याला किंमतही नाही. खोट एवढीच की कमरेवर दुसरी जखम होते, आणि पुष्कळांना मानेपेक्षा तीच जास्त दिवस दुखते. दुसऱ्याचे दान केलेले, निर्जंतुक केलेले हाडही वापरता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून अशी टिश्यू बँक आहे.

पुढे पट्टी आली. पुढच्या बाजूने दोन मणक्यांवर पट्टी ठेवून स्क्रूने आवळायची. जर्मनीतील कॅस्पर यांनी १९८० च्या दशकात तिचा प्रसार केला. सुरुवातीला स्क्रू मणक्याच्या मागच्या भिंतीपर्यंत न्यावा लागे, म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी उंबऱ्यापर्यंत. मग स्क्रू पट्टीतच अडकून बसेल अशी रचना निघाली आणि ती धास्ती कमी झाली. पट्टीमुळे हाडाचा तुकडा निसटत नाही, गळ्यातला पट्टा लवकर सुटतो. एकाच गादीचे काम असेल तर पट्टीवाचूनही हाड बऱ्यापैकी जुळते; दोन-तीन गाद्यांचे असेल तर पट्टीचा उपयोग स्पष्ट दिसतो. तिची बाधा म्हणजे अन्ननलिकेला ती टेकते, म्हणून काही दिवस घास गिळताना अडल्यासारखे होते. बहुतेकांचे ते आपोआप जाते.

पिंजऱ्याची, म्हणजे केजची, गोष्ट जनावरे पाळणाऱ्यांना आवडेल अशी आहे. तो पहिल्यांदा माणसासाठी झालाच नाही, घोड्यासाठी झाला. शर्यतीच्या तरण्या घोड्यांना मानेत मज्जारज्जू दाबला जाऊन मागचे पाय झोकांड्या खाण्याचा रोग होतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद बॅग्बी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पशुवैद्यांच्या बरोबरीने भोकाभोकांची एक पोलादी पोकळ नळी घोड्याच्या मानेत बसवली. खोदताना निघालेला हाडाचा चुरा तिच्यातच भरला, म्हणजे कमरेचे हाड काढायला नको. भोकांतून हाड आरपार वाढले आणि मणके सांधले गेले. १९७७ साली तिथल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या 'सिॲटल स्लू' या प्रसिद्ध घोड्यावरही २००० साली हे ऑपरेशन झाले. आज माणसाच्या मानेत बसतो तो छोटा पिंजरा त्याच कल्पनेचा.

हा पिंजरा मुख्यतः दोन पदार्थांचा मिळतो. एक टायटॅनियम. हाडाला त्याचा पृष्ठभाग मानवतो, हाड त्याला चिकटते. पण तो हाडापेक्षा फार कडक, म्हणून ठिसूळ हाडाच्या म्हाताऱ्या माणसात मणक्यात रुतून बसू शकतो. शिवाय एक्स-रेमध्ये तो पांढरा दिसत असल्याने आत हाड वाढले की नाही हे नीट कळत नाही. दुसरा पदार्थ एक प्रकारचे टणक प्लॅस्टिक, त्याचे नाव 'पीक' ! आपल्या रानातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही. त्याची लवचिकता हाडाच्या जवळपास जाणारी, आणि एक्स-रे त्यातून आरपार जातो, म्हणून हाड जुळत आल्याचे दिसते. उणीव ही की हाड त्याला टायटॅनियमइतके चिकटत नाही. म्हणून आता 'पीक'वर टायटॅनियमचा लेप दिलेले पिंजरे आणि सच्छिद्र टायटॅनियमचे छापील पिंजरेही निघाले आहेत. कंपनीच्या पत्रकात प्रत्येकाची मोठी वाखाणणी असते. पण एका गादीच्या साध्या कामात कमरेचे हाड, टायटॅनियम आणि 'पीक' या तिघांनी बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच असल्याचे अनेक तुलनांतून दिसून आले आहे. ज्यात स्क्रू पिंजऱ्यातूनच जातो आणि बाहेर पट्टी उरत नाही असाही प्रकार आहे. त्यात गिळण्याचा त्रास कमी होतो. मात्र दोन-तीन गाद्यांच्या कामात त्याची पकड पट्टीएवढी भरवशाची नाही.

राहिली कृत्रिम गादी. हिचा हेतूच निराळा. ही सांधत नाही, हालचाल राखते. मणका सांधला की त्याच्या वरच्या-खालच्या गादीवर जादा ताण पडतो. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, सांधलेल्या रोग्यांपैकी दर वर्षी शंभरात सुमारे तिघांना शेजारच्या गादीचा नवा त्रास सुरू झाल्याचे आढळले. तो टळावा म्हणून ही गादी. तरणा माणूस, एक किंवा दोन गाद्यांचा बिघाड, मागचे सांधे शाबूत, हाड घट्ट, अशाला ती चांगली. हाड मोडलेले असेल, सांधा सैल असेल, मागचे सांधे झिजलेले असतील, तर फुकट मिळाली तरी घालू नये.

महाग ते चांगले, या समजुतीला धक्का देणारी एक घटना सांगितली पाहिजे. हाड झटपट वाढवणारे एक प्रथिन निघाले आहे, अतिशय महागडे. कमरेच्या मणक्यात त्याचा उपयोग पाहून काही डॉक्टरांनी ते मानेतही वापरले. त्याने गळ्यात आतून सूज येऊन श्वास कोंडण्यापर्यंत पाळी आली, आणि १ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मानेतील वापराबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. त्या रोग्यांनी पैसे जास्तच मोजले होते.

आतापर्यंत सांगितले ते मानेच्या खालच्या भागाचे. मानेचे अगदी वरचे दोन मणके मात्र वेगळ्या घडणीचे. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खिळा उभा असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते, तशी त्यांची रचना. मान आपण डावी-उजवी वळवतो त्यातली निम्मी हालचाल येथे होते. हा सांधा जन्मतः सैल असला किंवा मार लागून निखळला, तर मज्जारज्जू श्वासाच्या केंद्राजवळच चिमटतो. आणि ह्या सांध्याच्या बाबतीत साऱ्या जगाने आपल्या मुंबईकडून धडा घेतला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पूर्वी येथे तारेने बांधत. टोरोंटोच्या गॅली यांची १९३९ ची रीत, ब्रूक्स यांची १९७८ ची रीत. दोन्हींत मागच्या कमानीभोवती तार आवळून मध्ये हाडाचा तुकडा ठेवायचा. तार पुढेमागे झुकणे आवरते, पण पीळ आवरत नाही. गाडीचे साटे नुसत्या दोराने बांधले तर वळणावर ते जसे कुरकुरते, तसेच. हाड न जुळण्याचे प्रमाण बरेच, आणि तीन-तीन महिने डोके-मान जखडून राहायचे. मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांतून आरपार तिरपा स्क्रू घालण्याची युक्ती काढली. ती घट्ट खरी, पण मेंदूला रक्त नेणारी धमनी तिथूनच जाते. काहींच्या शरीररचनेत स्क्रूला वाटच उरत नाही.

परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधील मेंदूशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून निराळी वाट धरली. दोन्ही मणक्यांच्या भरीव बाजूंत वेगवेगळा स्क्रू घालायचा आणि त्यांना छोट्या पट्टीने जोडायचे. सांधा उघडून त्यातली कूर्चा खरवडायची आणि तिथे हाडाचे तुकडे भरायचे. म्हणजे पुन्हा कलमाचेच तत्त्व, साल खरवडली तरच जीव मिळतो. डॉ. लाहेरी यांच्यासह त्यांनी १९९४ साली तीस रोग्यांचा अनुभव परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००२ साली एकशे साठ रोग्यांचा अहवाल आला. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीचे हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरले, आणि आज जगभर हीच रीत 'गोयल-हार्म्स' या जोडनावाने चालते. महापालिकेच्या इस्पितळात, जिथे राज्याच्या कानाकोपऱ्यातला गरीब माणूस जातो, तिथे हे घडले याचा आम्हाला तरी अभिमान वाटतो.

मानेला मार लागतो तेव्हा मात्र सामानाच्या निवडीआधी उचलण्याची रीत महत्त्वाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माळवदाची घरे कोसळली तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी ढिगाऱ्यातून माणसे हाताला धरून, पायाला धरून ओढली. दुसरे काय करणार ! जीव वाचवायचा होता. पण उसाची ट्रॉली उलटली, झाडावरून कोणी पडला, बैलाने उडवले, तर घाई करू नका. एकाने डोके व मान दोन्ही हातांनी सरळ धरावी, बाकीच्यांनी अंग ओंडक्यासारखे एकसंध वळवून दारावर किंवा फळीवर घ्यावे. पाणी पाजायला मान उचलू नये.

आता पैशाची बाजू. हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मणक्याचे सामान त्यात नव्हते. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पण छापील किंमत आणि इस्पितळाची खरेदी यांत पुष्कळ अंतर असू शकते, म्हणून घासाघीस करायला लाजू नये. त्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये सामानही धरलेले असते. रेशन कार्ड व आधार घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. पैसे भरल्यावर भेटून उपयोग नाही. आणि दुसरे मत घ्यायचे तर लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेतच.

साकोळच्या त्या सभासदांना आम्ही चार प्रश्न लिहून दिले. दाब नसेवर आहे की मज्जारज्जूवर ? किती गाद्यांचे काम आहे ? या माझ्या मुलाला स्वस्तातल्या सामानाने नेमके काय कमी पडेल ? आणि असे ऑपरेशन आपण स्वतः बहुतांशी कोणत्या सामानाने करता ? तिसरा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर हसले म्हणे, आणि म्हणाले, "काही कमी पडणार नाही." एकाच गादीचे काम होते. पट्टी-स्क्रूवर झाले. रान जागच्या जागी आहे.

पण जाताना डॉक्टरांनी मुलाला जे बजावले ते कागदावरच्या तिन्ही आकड्यांपेक्षा मोठे होते : तंबाखू बंद. विडी असो, गुटखा असो, चुना लावून दाढेखाली धरलेली चिमूट असो, त्यातले निकोटिन रक्तात उतरते आणि नव्या हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. हाड न जुळण्याची जी कारणे रोग्याच्या हातात आहेत त्यांत हे पहिले. साखरेचा आजार ताब्यात नसणे हे दुसरे. ऑपरेशनच्या आधीपासून हाड जुळेपर्यंत तरी तंबाखू तोंडाला लावू नये, आणि एवढे महिने सुटली तर पुढे कशाला धरायची ?

घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांत गळा एकाएकी सुजला, श्वास कोंडू लागला, हातापायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता तसेच इस्पितळात न्यावे. आवाज थोडा बसणे, गिळताना टोचणे हे बहुधा कमी होत जाते. ओझे डोक्यावर घेण्याचे मात्र डॉक्टर एक्स-रे पाहून हो म्हणेपर्यंत नाव काढू नये. मोळी तर नंतरही नको. शरीरात बसवलेल्या सामानाच्या डब्यावर कंपनी, क्रमांक आणि माप यांची चिकटपट्टी असते. ती केसपेपरवर लावून घ्यावी आणि डिस्चार्ज कार्डासह सात-बाराच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला किंवा दुसरे ऑपरेशन निघाले, तर आत काय आहे हे डॉक्टर त्यावरूनच सांगू शकतात.